हेड स्टार्ट: उत्पन्न जास्त वाटलं तरी अर्ज भरा

अमेरिकेतली हेड स्टार्ट ही मोफत बालवाडी 3 ते 5 वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याहून लहानांसाठी अर्ली हेड स्टार्ट. घरी स्नॅप (अन्नासाठीची सरकारी मदत), टॅनफ (गरजू कुटुंबांना तात्पुरती रोख मदत) किंवा एसएसआय (कमी उत्पन्नाच्या वृद्ध-अपंगांना मासिक मदत) मिळत असेल तर मंजुरीचं पत्र जोडा, उत्पन्नाचा हिशेब वेगळा लागत नाही. बेघर आणि फोस्टर केअरमधली (सरकारी व्यवस्थेतून दुसऱ्या कुटुंबाकडे सांभाळायला दिलेली) मुलंही थेट पात्र.

बाकीच्यांचं उत्पन्न सहसा दारिद्र्यरेषेच्या आत हवं. घोळ होतो तो इथेच. उत्पन्न कपातीआधीचं धरतात, हातात पडणारं नाही. मात्र मागचं कॅलेंडर वर्ष किंवा मागचे 12 महिने, यांपैकी सध्याची परिस्थिती नीट दाखवणारा काळ धरता येतो. नुकतीच नोकरी गेली असेल तर जुना टॅक्स रिटर्न देऊन गप्प बसू नका.

राहत्या घराचा खर्च (भाडं, वीज-पाणी) उत्पन्नाच्या 30 टक्क्यांहून जास्त असेल तर वरची रक्कम वजा करता येते. महिना 3,000 डॉलर उत्पन्न, भाडं आणि वीज-पाणी 1,500: मर्यादा 900, म्हणून 600 वजा, हिशेबात 2,400. हेड स्टार्टचं केंद्र ही वजावट आपणहून करेलच असं नाही; भाडेकरार आणि बिलं पुढे ठेवून विचारा.

पात्र ठरलात म्हणजे जागा मिळाली असं नव्हे. निवड गरजेच्या गुणांवर होते, त्यामुळे मुलाच्या अपंगत्वाची कागदपत्रं पहिल्याच दिवशी द्या.