ऑक्टेव्हने उत्तर दिलं म्हणून ते बरोबर नसतं: या चुका टाळा

आमच्या लॅबमध्ये दर सेमिस्टरला तीच हाक ऐकू येते: "सर, एरर येऊन राह्यला." कोणता, असं विचारलं की मुलगा स्क्रीनकडे बोट दाखवतो. वाचलेला नसतो. लाल अक्षरं दिसली की खिडकी बंद करायची आणि मित्राची फाइल पेनड्राइव्हवर मागायची, ही सवय लागली आहे. या घाईचा मला मनापासून राग येतो. एरर देणारा प्रोग्राम तुम्हाला मदत करत असतो. काय बिघडलं, कोणत्या ओळीत बिघडलं, ते तो सांगतो. धोका असतो तो गुपचूप चुकीचं उत्तर देणाऱ्या प्रोग्रामचा, म्हणून इथे त्याच चुकांवर जास्त लिहितो आहे.

लिहिलेलं सगळं ग्नू ऑक्टेव्ह या आकडेमोडीच्या प्रोग्रामिंग भाषेबद्दल आहे, पण तिच्यासारखंच असलेलं विकतचं मॅटलॅब वापरणाऱ्यालाही बरंचसं लागू पडेल. तालुक्याच्या कॉलेजात चार जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर ऑक्टेव्ह चालतं आणि फुकट मिळतं. क्रॅक केलेलं मॅटलॅब कुठून तरी आणून लॅबभर व्हायरस पसरवू नका.

कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे

फायनल इयरच्या एका ग्रुपने शेततळ्याचं माप ठरवायचा प्रोजेक्ट घेतला होता. गावातल्या एका शेतकऱ्याने पर्जन्यमापक लावून कित्येक हंगामांचा रोजचा पाऊस वहीत लिहून ठेवला होता. पोरांनी पानं वाटून घेतली, एक्सेलमध्ये उतरवली, सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) केली आणि 'सीएसव्हीरीड'ने वाचली. एकही एरर नाही. पावसाळ्याची सरासरी निघाली चारशे मिलिमीटरच्या आत. त्यावरून तळ्याची लांबी-रुंदी-खोली काढली, रिपोर्ट टाइप झाला, बाइंडिंगला जायचा तेवढा राहिला. ग्रुपमधल्या एकाच्या वडिलांनी तो आकडा ऐकला आणि म्हणाले, "एवढ्याशा पाण्यात आपली पऱ्हाटी उभी राह्यली असती का बे?"

यवतमाळकडे पाऊस कमी-जास्त होतो, पण इतकी वर्षं मिळून सरासरी एवढी खाली येणं शक्यच नव्हतं. फाइल उघडून बघितली तर कारण समोरच होतं. दोघांनी त्यांची पानं मोबाइलवर मराठी कीबोर्डने भरली होती. '१२.५' हा आपल्याला आकडा दिसतो, ऑक्टेव्हला तो मजकूर वाटतो. त्याला इंग्रजी अंकच कळतात. 'सीएसव्हीरीड' आणि 'डीएलएमरीड' दोन्हींची पद्धत अशी की रिकाम्या रकान्यात आणि न कळलेल्या मजकुराच्या जागी ते मुकाट्याने शून्य भरतात. शेतकरी लग्नाला बाहेरगावी गेला तेव्हाचे रकाने कोरे होते, तिथेही शून्य. कुठे 'नोंद नाही' लिहिलं होतं, तिथेही शून्य. पावसाच्या नोंदीत कोरड्या दिवसाचं खरं शून्य असतंच, त्यामुळे खोटं शून्य त्यात मिसळून गेलं आणि कुणाला शंकाच आली नाही.

उपाय सोपा आहे. 'डीएलएमरीड' वापरा आणि त्याला 'एम्प्टीव्हॅल्यू' म्हणून 'नॅन' ('नॉट अ नंबर', म्हणजे इथे आकडा नाही) द्या. मग जे वाचता आलं नाही तिथे 'नॅन' येईल, आणि 'मीन' (सरासरी) काढलं की उत्तरही 'नॅन' येईल. मुलं म्हणतात, सर, आता तर काहीच येऊन नाही राह्यलं. बरोबर आहे, यायलाच नको. 'इझनॅन'ने आधी मोजा की कोणत्या महिन्यातले किती दिवस गायब आहेत. जुलैतले दहा दिवस नसतील तर तो हंगाम बाजूला ठेवायचा, बाकीच्या दिवसांची बेरीज करून पुढे पळायचं नाही.

माझी सवय अशी की फाइल वाचली की लगेच 'साइज', सगळ्यात लहान आकडा, सगळ्यात मोठा आकडा आणि शून्यं किती, एवढं छापून बघायचं. नंतरच पहिला फॉर्म्युला. सीएसव्ही एकदा नोटपॅडमध्येही उघडा. एक्सेलने १,२५,००० असे स्वल्पविराम आकड्यात ठेवले असतील आणि रकान्याला अवतरणचिन्हं नसतील, तर एका रकान्याचे तीन रकाने झालेले तिथेच दिसतील. तारखांचंही तसंच: '०५/०७/२०२३' ही आपली ५ जुलै, पण तारखेचा आकडा करणाऱ्या 'डेटनम'ला फॉरमॅट सांगितला नाही तर तो ७ मे समजतो. दिवस-महिना-वर्ष हा क्रम त्याला लिहून द्या.

दशांशांवर '==' (दोन्ही सारखे आहेत का, ही तुलना) लावू नका

"सर, मशीन हँग झाली" या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. टी शून्यापासून सुरू, प्रत्येक फेरीत ०.१ वाढवायचा, आणि टी १ होईपर्यंत 'व्हाइल' लूप चालू. तो कधीच १ होत नाही. ०.१ ही संख्या बायनरीत संपत नाही, जशी एक तृतीयांश दशांशात संपत नाही. १९८५ साली ठरलेल्या आयट्रिपलई ७५४ मानकाप्रमाणे 'डबल'मध्ये (ऑक्टेव्ह दशांश संख्या ठेवतं तो प्रकार) ५३ बिट मिळतात, तिथे ती कापली जाते. दहा वेळा मिळवली की बेरीज १ च्या किंचित खाली राहते, पुढच्या फेरीत १ ओलांडते, आणि लूप चालतच राहतो. ०.१ + ०.२ == ०.३ विचारा, उत्तर ० येतं, म्हणजे 'नाही'.

"एवढ्याशा फरकाने काय होते?" असं विचारणाऱ्यांना मी १९९१ सालची गोष्ट सांगतो. २५ फेब्रुवारीला सौदी अरेबियात धाहरान इथे अमेरिकेच्या पॅट्रियट यंत्रणेला येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवता आलं नाही आणि २८ सैनिक मेले. तिचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायचं आणि तो ०.१ २४ बिटांत कापलेला होता. १०० तास सलग चालल्यावर घड्याळ सुमारे ०.३४ सेकंद चुकलं होतं, आणि स्कड एका सेकंदात दीड किलोमीटरहून जास्त जातं.

फेऱ्या नेहमी पूर्णांकाने मोजा: के ० ते १०, आणि टी म्हणजे के गुणिले ०.१. दोन दशांश संख्यांची तुलना करायची तर वजाबाकीचं 'अ‍ॅब्स' (चिन्ह सोडून नुसती किंमत) घ्या आणि ते ठरवलेल्या फरकापेक्षा लहान आहे का बघा. किती फरक चालेल हे तुमच्या मापावर ठरतं. पावसाला अर्धा मिलिमीटर खूप झाला.

बाकीच्या, थोडक्यात

'*' (मॅट्रिक्सचा गुणाकार) आणि '.*' (जागच्या जागी एकेका आकड्याचा गुणाकार) यातला फरक पाठ नाही, समजून घ्या. लांबी जुळली नाही तर 'नॉनकन्फॉर्मंट' एरर येतो, तो बरा. चौरस मॅट्रिक्स असेल तर दोन्ही चालतात आणि उत्तरं वेगळी येतात. आडवी रांग आणि उभा स्तंभ मिळवला तर अख्खं मॅट्रिक्स तयार होतं, तेही न सांगता.

'झीरोज(५००००)' म्हणजे पन्नास हजार शून्यं नव्हेत. ते ५०००० बाय ५०००० चं मॅट्रिक्स आहे, २० जीबीचं. पुढे ',१' लिहा.

व्हेरिएबलला 'सम' नाव दिलं की 'सम' फंक्शन झाकलं जातं आणि 'आउट ऑफ बाउंड' येतं. 'क्लिअर सम' करा. फाइललाही 'प्लॉट' किंवा 'मीन' नाव नको. शंका आली तर 'व्हिच' विचारा, ते नाव नेमकं कशाचं आहे ते तो सांगतो.

'साइन'ला कोन रेडियनमध्ये लागतो, अंशात असेल तर 'साइनडी'. 'लॉग' हा नैसर्गिक लॉग आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा पीडीएफमधून कोड चिकटवू नका. अवतरणचिन्हं वाकडी होतात, वजाबाकीचं चिन्ह लांब होतं आणि 'पार्स एरर' येतो. हाताने टाइप करा. टाइप करताना निम्मा कोड समजतो.

समीकरणं सोडवताना 'इन्व्ह' (व्यस्त मॅट्रिक्स) काढून गुणू नका, ए\बी लिहा. 'मॅट्रिक्स सिंग्युलर टू मशीन प्रिसिजन' ही वॉर्निंग आली तर पुढचे आकडे वापरू नका, आधी 'कंड' (कंडिशन नंबर, म्हणजे बारीक चूक किती पट फुगू शकते) बघा. १० बाय १० च्या हिल्बर्ट मॅट्रिक्सचं 'कंड' सुमारे १.६ × १०^१३ येतं, म्हणजे सोळांपैकी तेरा अंकांवर विश्वास नाही. आकड्यांवर वक्र बसवणाऱ्या 'पॉलीफिट'ला २०१०, २०११ अशी सालं दिली की हेच होतं; मधलं साल वजा करून द्या.

विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये पॅकेजेस (जादा फंक्शनांचे संच) आधीच असतात. 'अनडिफाइन्ड' आलं म्हणून पुन्हा डाउनलोड करत नेट संपवू नका, 'पीकेजी लोड' करा.

कमांड विंडोमध्ये तासभराचं काम करत बसू नका. लाइट गेली की सगळं जातं. स्क्रिप्ट फाइलमध्ये लिहा, मोठा हिशोब झाला की 'सेव्ह' करा. आणि मदत मागताना स्क्रीनचा तिरपा फोटो नको. स्क्रिप्ट, डेटाची फाइल आणि एररची पहिली ओळ जशीच्या तशी पाठवा.