वाळवंट बदललं की तुमची टेप? निरीक्षण स्थळांवरच्या या चुका टाळा

वाळवंटी झुडूपभूमीत झुडपांचं आच्छादन (म्हणजे झुडपांनी झाकलेली जमीन) दहा वर्षांत दोन-चार टक्क्यांनी हललं, तरी ती दखल घेण्याजोगी गोष्ट असते. मोजणारा माणूस बदलला, टेपला झोल पडला किंवा मोजणीची फेरी तीन आठवडे लांबली, तरी आकडा तेवढाच हलतो. घनदाट जंगलात अशी चूक खपून जाते. इथे तीच बातमी होऊन बसते. म्हणून खाली दिलेल्या बहुतेक चुका ऐकायला क्षुल्लक वाटतील, पण अहवालाची वाट लावतात त्या याच.

गाडी जिथे थांबते तिथेच प्लॉट

सगळ्यात जुनी चूक ही. रस्त्यापासून पन्नास पावलांवर प्लॉटसाठी, म्हणजे वर्षानुवर्षं मोजायच्या तुकड्यासाठी, जागा बघायची, खुंट्या ठोकायच्या आणि मोकळं व्हायचं. पण कोरड्या प्रदेशात रस्त्याच्या कडेला आजूबाजूपेक्षा जास्त पाणी मिळतं, कारण डांबरावरचं किंवा दाबलेल्या मातीवरचं पाणी वाहत कडेला येतं. तिथली झुडपं आतल्या झुडपांपेक्षा टवटवीत असतात.

पाणवठ्याजवळची जागा याच्या उलट फसवते. जनावरं रोज पाण्याकडे येतात, त्यामुळे पाणवठ्याभोवती तुडवण्याची आणि चरण्याची वर्तुळं तयार होतात आणि बाहेर जावं तसा तो ताण कमी होत जातो. ऑस्ट्रेलियात लँग यांनी १९६९ मध्ये या पट्ट्याला ‘पायोस्फिअर’ असं नाव दिलं. पाणवठा जवळ असू नये असं मी म्हणत नाही. चराईचा परिणामच पाहायचा असेल तर तो हवाच. पण अंतर मोजून नोंदवा. पुढे कुणी नवा हौद बांधला किंवा जुना बंद केला, तर ती तारीखही नोंदवहीत आली पाहिजे. ती नसेल, तर पाच वर्षांनी गवत परतलेलं दिसेल आणि श्रेय पावसाला दिलं जाईल.

मातीही बघा. एकाच ढगाखालच्या दोन जागा, एक वाळूची आणि एक चिकणमातीची, अगदी वेगळ्या वागतात. वाळूत पाणी खोल मुरतं आणि झुडपांच्या मुळांना मिळतं. चिकणमातीवर ते वरच्या वर राहतं आणि उडून जातं. उतारावर तर काही पट्टे पाणी देणारे आणि काही घेणारे असतात. ट्रान्सेक्ट (मोजणीची सरळ रेषा) उताराला आडवी टाकली आणि नेमकी घेणाऱ्या पट्ट्यावरून गेली, तर तुमचं वाळवंट कागदावर हिरवंगार होतं.

शितावरून भाताची परीक्षा

इथे ही म्हण चालत नाही. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोतल्या जोर्नाडा इथे १९१५ पासून एक मीटर बाय एक मीटरच्या कायम चौकटींमधल्या झाडांचे नकाशे काढले गेले. त्या चौकटी गवतासाठी योग्य होत्या, कारण गवताचे ठोंब लहान आणि जवळजवळ असतात. तीच चौकट घेऊन तुम्ही विरळ झुडपांत शिरलात, तर दहापैकी आठ वेळा उघडी जमीन सापडेल आणि उरलेल्या दोन वेळा अख्खी चौकट एकाच झुडपाने भरून जाईल. सरासरी निघते खरी, पण तिच्यावर कुणी भरवसा ठेवू नये.

विरळ झुडपांसाठी लांब रेषा बरी. कॅनफिल्ड यांनी १९४१ मध्ये मांडलेली पद्धत अजून उपयोगी पडते: टेप ताणायची आणि तिच्या रेषेत कुठलं झुडूप किती सेंटिमीटर येतं ते वाचायचं. दुसरा मार्ग म्हणजे ठरावीक अंतरावर सळई उभी सोडून ती कशाला टेकते ते लिहिणं. ऑस्ट्रेलियातल्या ऑसप्लॉट्स पद्धतीत एक हेक्टरच्या प्लॉटमध्ये शंभर मीटरच्या दहा रेषांवर असे १०१० बिंदू घेतात. एवढे घेणं जमलं नाही तरी चालेल, पण प्लॉट वाढवायचा की बिंदू, असा प्रश्न पडला तर आधी प्लॉट वाढवा. एकाच झुडपावर पन्नास बिंदू घेऊन माहिती वाढत नाही.

झोपलेल्या झुडपाचा मृत्यूदाखला

वाळवंटातली कितीतरी झुडपं कोरड्या दिवसांत सगळी पानं टाकून देतात. उत्तर अमेरिकेतल्या सोनोरन वाळवंटातलं ओकोटिलो हे त्यांतलं नामांकित उदाहरण: आज काटेरी काठ्यांची मोळी, आणि चांगला पाऊस झाला की थोड्याच दिवसांत पानांनी भरलेलं. नवखा माणूस मे महिन्यात जातो, ‘मृत’ लिहितो आणि पुढच्या वर्षी तेच झुडूप जिवंत होऊन उठतं. मग डेटा स्वच्छ करणारा गोंधळतो आणि ते ‘नवीन रोप’ म्हणून घालतो. एका चुकीतून एक खोटा मृत्यू आणि एक खोटा जन्म, अशा दोन खोट्या नोंदी.

उपाय साधा आहे. मेलेलं आणि जिवंत यांच्यामध्ये तिसरा रकाना ठेवा: ‘पानं नाहीत, खात्री नाही’. लागोपाठ दोन पावसाळी हंगाम पानं फुटली नाहीत, तरच ते मेलं असं लिहा. नखाने साल खरवडून आतला हिरवेपणा पाहता येतो, पण ही तपासणी खुणेच्या झुडपांवर दर फेरीत करू नका. वीस वर्षं खरवडलेलं झुडूप तुमच्यामुळेच मरेल.

याच्याच जोडीला आणखी एक डोकेदुखी: एक झुडूप म्हणजे नेमकं किती? क्रिओसोट या अमेरिकी वाळवंटी झुडपाचं खोड मधून मरत जातं आणि कडेने नवे फुटवे निघतात, त्यामुळे एकाच रोपाचं मोठं रिंगण तयार होतं. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटातल्या ‘किंग क्लोन’ नावाच्या अशा रिंगणाचं वय सुमारे ११,७०० वर्षं मानतात. ते एक मोजायचं की पंचवीस? दोन्ही उत्तरं चालतील. पण नियम पहिल्याच फेरीआधी लिहून ठेवा, नाहीतर प्रत्येक नवा मोजणारा आपलं उत्तर घेऊन येईल.

पाऊस दुसऱ्याच गावचा

वाळवंटातला उन्हाळी पाऊस एकेका ढगाचा असतो. एका टेकडीवर ओढा भरून वाहतो आणि पाच किलोमीटरवर धूळही बसत नाही. त्यामुळे जवळच्या हवामान केंद्राचा आकडा उचलून स्वतःच्या प्लॉटला लावणं म्हणजे शेजाऱ्याच्या नाडीवरून आपला ताप ठरवण्यासारखं आहे. पर्जन्यमापक प्लॉटवरच हवा.

हलती वाटी असलेला मापक (वाटी भरली की उलटते आणि ते उलटणं मोजलं जातं) बसवलात, तर त्याच्या नरसाळ्यात वाळू, पक्ष्यांची विष्ठा आणि कोळ्याची जाळी यांचं बूच बसतं. मग हंगामभर शून्य पाऊस नोंदला जातो. बाजूलाच एक साधा साठवण मापक ठेवा आणि त्यात थोडं तेल टाका, म्हणजे पाणी उडून जात नाही. दोन्ही आकडे जुळले नाहीत की बूच कधी बसलं ते कळतं. जोराच्या सरीत हलती वाटी पाऊस कमी मोजते, हेही ध्यानात असू द्या.

काही वाळवंटांत मुळात पाऊस हा मुख्य हिशोब नसतो. नामिबियातल्या गोबाबेब इथे १९६२ पासून संशोधन केंद्र आहे. तिथल्या जीवसृष्टीला पावसापेक्षा धुकं जास्त भरवशाचं. साधा मापक धुकं पकडत नाही. तिथे केवळ पर्जन्यमापकावर विसंबलात, तर ‘पाण्याविना जगणारे’ किडे सापडतील.

आपलेच पाय

झुडपांमधली जमीन रिकामी दिसते, पण ती रिकामी नसते. सायनोबॅक्टेरिया, शेवाळ आणि दगडफुलं मिळून मातीवर एक पातळ पापुद्रा धरतात. तो वाऱ्याला माती उचलू देत नाही. एका बुटाने तो मोडतो आणि परत यायला वर्षं, काही ठिकाणी दशकं लागतात. म्हणजे दर फेरीत चार माणसं प्लॉटभर फिरली, तर दहा वर्षांनी तुम्ही मोजाल ते तुमच्याच पायांचं नुकसान.

टेपच्या कुठल्या बाजूने चालायचं ते एकदाच ठरवा. मी डावी बाजू धरतो, वाचन उजवीकडे. बॅग, पाण्याच्या बाटल्या, जेवण सगळं प्लॉटच्या बाहेर. फोटो काढायला मध्ये जाऊन उभं राहायचा मोह आवरा.

टेप, सळई आणि नकाशा

टेप झुडपावरून नेऊ नका. खालून, बुंध्याजवळून ताणा. वरून नेली की ती उंच-सखल होते, लांबी चोरते आणि वाऱ्यात फडफडते. जोराचा वारा असेल तर काम थांबवा.

दोन्ही टोकांना लोखंडी सळया ठोका आणि डेटा पत्रकात त्यांची उंची लिहा. वाळू सरकते, सळई गाडली जाते. अशा वेळी धातुशोधक यंत्र जीपीएसपेक्षा जास्त कामाचं, कारण हातातल्या जीपीएसची चूक तीन ते पाच मीटर सहज असते. त्याहून धोक्याचा भाग म्हणजे संदर्भ प्रणाली, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या चौकटीत मोजले ती. ऑस्ट्रेलियात जुन्या प्रणालीतून जीडीए९४ या प्रणालीत आल्यावर तेच निर्देशांक सुमारे दोनशे मीटर सरकले. आणि ते खंडच वर्षाला सुमारे सात सेंटिमीटर सरकत असल्यामुळे जीडीए९४ आणि तिच्यानंतरची जीडीए२०२० यांत १.८ मीटरचा फरक पडला. प्लॉट शोधायला १.८ मीटर काहीच नाहीत. पण तीच रेषा पुन्हा टाकायची असेल तर ती वेगळ्याच झुडपांवरून जाते. निर्देशांकाशेजारी प्रणालीचं नाव लिहायला दोन सेकंद लागतात.

कुंपण घातलं म्हणजे झालं, असं नाही

दक्षिण ऑस्ट्रेलियात कूनामोर इथे १९२५ मध्ये, अतिचराईने उजाड झालेल्या जमिनीचा तुकडा कुंपण घालून राखला गेला. मेंढ्या बाहेर राहिल्या, पण ससे बराच काळ आतच होते, आणि झुडपांची कोवळी रोपं सशांनीच खाल्ली. चराई बंद केली तरी झाडं येत नाहीत, असा निष्कर्ष कुणी घाईने काढला असता तर तो चुकला असता. तुमचं कुंपण नेमकं कुणाला अडवतं आणि कुणाला अडवत नाही, ते लिहा. जाळीत वाऱ्याने उडालेली काटेरी झुडपं आणि वाळू अडकते. कडेचा एक पट्टा मोजणीतून सोडून द्या.

उलट बाजूने पाहायचं तर ॲरिझोनातल्या पोर्टल इथला प्रयोग आहे. १९७७ मध्ये तिथे पन्नास मीटर बाजूचे चोवीस प्लॉट कुंपणबंद केले. त्यांतल्या काहींमधून कांगारू उंदीर (उड्या मारणारे, बिया खाणारे उंदीर) वगळले. सुमारे बारा वर्षांनी तिथल्या झुडूपभूमीत गवताचा जोर स्पष्ट दिसू लागला. तीन वर्षांचा निधी घेऊन ‘परिणाम आढळला नाही’ लिहिणाऱ्यांनी हा आकडा टेबलावर चिकटवून ठेवावा.

उपकरणं

तापमानाचा सेन्सर सावलीच्या कवचाशिवाय लावलात तर तो हवेचं नाही, स्वतःचं तापमान सांगतो. केबल उंदीर कुरतडतात. ती नळीतून न्या. मातीच्या ओलाव्याचा सेन्सर खारट जमिनीत ओलावा फुगवून दाखवतो, आणि मातीशी नीट चिकटलेला नसेल तर कमी दाखवतो. कॅमेरा ट्रॅप (समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) उष्णतेच्या फरकावर चालतो. दुपारी हवा आणि प्राण्याचं अंग यांचं तापमान जवळजवळ सारखं झालं की समोरून कोल्हा गेला तरी कॅमेरा गप्प. म्हणून दुपारचे रिकामे तास म्हणजे प्राणी नव्हते असं समजू नका. आणि लेन्ससमोरची काडी तोडा, नाहीतर वाऱ्याने हलणाऱ्या गवताचे चार हजार फोटो घरी येतील.

उपग्रहाची हिरवळ

एनडीव्हीआय, म्हणजे उपग्रहाच्या प्रतिमेतून काढलेला हिरवळीचा निर्देशांक, विरळ झुडपांत मातीचा रंगही वाचतो. ह्यूट यांनी १९८८ मध्ये मातीचा परिणाम कमी करणारा निर्देशांक सुचवला तो याचसाठी. त्यातही मातीवरचा तो पापुद्रा फसवतो: भिजला की तो काही मिनिटांत हिरवट होतो आणि उपग्रहाला ‘वनस्पती’ दिसते. इस्रायल-इजिप्त सीमेवर अवकाशातून दिसणारा गडद आणि उजळ वाळूचा फरक मुख्यतः या पापुद्र्यामुळे आहे. एका बाजूला तो शाबूत, दुसऱ्या बाजूला तुडवलेला. पावसानंतर लगेचची प्रतिमा घेतली असेल, तर ती तारीख वेगळी काढा.

आकडा विचित्र आला तर

आधी जमिनीकडे बोट दाखवू नका. सगळ्याच रेषांवर आच्छादन एकदम वाढलं असेल, तर बहुधा मोजणारा किंवा ‘आच्छादन’ची व्याख्या बदलली आहे, कुणीतरी झुडपातली मोकळी जागाही झुडूप म्हणून धरतं आहे. जुन्या आणि नव्या माणसाने एकाच दिवशी तीच रेषा वेगवेगळी मोजली की हे तासाभरात उघड होतं. एकाच रेषेवर बदल असेल तर टोकाची सळई शोधा. केवळ हंगामी रोपं वाढली किंवा गायब झाली असतील, तर पावसाचा आणि फेरीचा दिवस बघा. बी मातीत असतंच, ते वाट पाहत असतं.

एखादी जात अचानक नाहीशी झाली आणि दुसरी तितकीच आली, तर नाव बदललंय का ते तपासा. अकेशियातल्या (बाभूळ-खैरांच्या प्रजातीतल्या) बऱ्याच जाती आता वाचेलिया आणि सेनेगालियात गेल्या आहेत, आणि प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा (वेडी बाभूळ) २०२२ पासून नेल्टुमा म्हणून लिहिली जाते. जुनं नाव पुसू नका, शेजारच्या रकान्यात नवं लिहा.

आणि रिकामा रकाना दिसला की थांबा. ‘पाहिलं, काही नव्हतं’ हे शून्य, आणि ‘पाहिलंच नाही’ ही रिकामी जागा. वाळवंटात खरी शून्यं खूप असतात, त्यामुळे या दोन गोष्टींची सरमिसळ इथे सगळ्यात महाग पडते. शून्य हाताने लिहा, दर वेळी. कागद भरून गेला तरी चालेल.