पुण्याला बिऱ्हाड नेण्याआधी: बिल न येणाऱ्या गोष्टींचा हिशेब

गावातला महिन्याचा खर्च विचारला की माणूस किराणा, रिचार्ज, पेट्रोल, लाईट बिल आणि बचत गटाचा हप्ता एवढंच मोजतो. बेरीज येते बारा-तेरा हजार. मग पुण्यात सगळं दुप्पट धरलं तरी पंचवीस, नोकरीची ऑफर पन्नास हजारांची, म्हणजे पंचवीस शिल्लक! विदर्भात दारव्हा-दिग्रसपासून मोर्शी-वरुडपर्यंत हिशेब असाच होतो आणि असाच फसतो. पुणं महाग आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. गावातला अर्धा संसार पैशाशिवाय चालतो हे मात्र कोणी वहीत मांडत नाही. घरभाडं शून्य, दूध शून्य, लेकरू सांभाळायचे शून्य. शून्याला दोनने गुणलं तरी शून्यच येतं, आणि तिकडे गेल्यावर नुसत्या घरभाड्याच्याच शून्याचे सोळा हजार होतात.

म्हणून सगळ्यात आधी एक वही करा. तीस दिवस घरात जे जे वापरलं जातं ते लिहा, पैसे दिले असोत वा नसोत. रुपयांत लिहू नका, किलो-लिटरमध्ये लिहा. चार माणसांच्या घरात साधारण २२ किलो गहू-ज्वारी, ४ किलो तुरीची दाळ, ३० लिटर दूध लागतं. वाडीतली वांगी, भेदरं (टमाटे), सांबार (कोथिंबीर), शेवग्याच्या शेंगा मिळून महिन्याला ७-८ किलो निघतात. मुठीने तोडलेलं वजनात येत नाही म्हणून ते सोडून देऊ नका, एकदा ताजव्यात टाकून बघाच. आंघोळीचं पाणी चुलीवर तापत असेल तर तेही लिहा, कारण तिकडे ते गॅसवर किंवा गीझरवर तापणार आहे. गावात दोन-अडीच महिने पुरणारं सिलिंडर शहरात महिनाभरात रिकामं होतं, ते यामुळेच.

आता समोरच्या रकान्यात शहरातला भाव मांडा. खालचे भाव पुण्याच्या कडेच्या वस्तीसाठी ढोबळ धरलेत. तुम्ही जायच्या आठवड्यात स्वतः विचारून बदला. दूध ७० रुपयांनी २,१००. धान्य ४० रुपयांनी ८८० आणि दळणाचे दीडशे, म्हणजे १,०३०. दाळ १३० रुपयांनी ५२०. वाडीतला भाजीपाला ८ किलो, साठ रुपयांनी ४८०. अर्धं सिलिंडर जास्तीचं, ४५०. दोघंही नोकरी करणार असाल आणि धाकटं लेकरू असेल तर पाळणाघराचे ६,०००. गावात हे काम आजी करत होती. मोठ्या पोराच्या शाळेच्या व्हॅनचे १,८००, गावात तो पायी जात होता. बेरीज १२,३८०. यात १६,००० भाडं मिळवा: २८,३८०. हा पैसा अशा गोष्टींवर जाणार आहे ज्यांचं गावात एकही बिल येत नव्हतं. किराणा, तेल, रिचार्ज, दवाखाना, कपडे अजून सुरूच झालेले नाहीत.

सरकारी पाहणीचंच बघा. घरगुती उपभोग खर्चाच्या २०२३-२४ च्या सर्वेक्षणात देशात ग्रामीण माणशी महिना ४,१२२ रुपये आणि शहरी ६,९९६ रुपये आले. म्हणजे फरक दुपटीहून कमीच. हा आकडा दाखवून ‘एवढं काही महाग नाही’ म्हणणारे भेटतात. पण त्या पाहणीत घरच्या धान्याला, घरच्या दुधाला शेतावरचा भाव लावून ते खर्चात धरलेलं असतं. तुमच्या डोक्यातल्या हिशेबात ते नसतं. शिवाय स्वतःच्या घराचं मानीव भाडं, म्हणजे तेच घर भाड्याने असतं तर जे पडलं असतं ते, त्यात येत नाही. आणि ‘शहरी’ म्हणजे यवतमाळातली वणीही शहरीच अन् पुणंही शहरीच. महागाई दराच्या बातमीचाही इथे काही उपयोग नाही. भाव वर्षभरात किती वाढले हे तो सांगतो, दोन गावांच्या भावांत अंतर किती हे सांगत नाही. सातव्या वेतन आयोगाने घरभाडे भत्ता ठरवताना मोठ्या शहरांना, ज्यात पुणंही आहे, मूळ वेतनाच्या २४ टक्के, मधल्यांना १६ आणि बाकी सगळ्यांना ८ टक्के दिला होता. सरकारनेच घराच्या बाबतीत तिप्पट अंतर मान्य केलं होतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मोबाईलवरच्या खर्च मोजणाऱ्या यंत्रांवर माझा काडीचा विश्वास नाही. त्यात दोन शहरांची तुलना होते; अंगणात शेवगा आणि गोठ्यात म्हैस असलेलं घर भरायला त्यात रकानाच नसतो.

आता पगार. पत्रावर सहा लाख सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) लिहिलं म्हणजे महिन्याला पन्नास हजार हातात, असं कोणी धरू नये. मूळ वेतन २५,००० धरा. तुमच्याकडून पीएफचे १२ टक्के, ३,००० रुपये. कंपनीच्या वाट्याचे ३,००० सुद्धा बहुतेक ठिकाणी सीटीसीतच मोजलेले असतात. ग्रॅच्युइटीचे, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचे, ४.८१ टक्के, १,२०२ रुपये. व्यवसाय कर महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००. उरले ४२,५९८. त्यात वर्षाकाठी कामगिरी बघून मिळणारा ‘व्हेरिएबल’ ६०,००० चा असेल तर तो महिन्याच्या संसारात धरताच येत नाही. आणखी ५,००० वजा. हातात ३७,५९८. वरचे २८,३८० काढले की या एका पगारातून उरतात ९,२१८ रुपये; दुसरा पगार असेल तर तो वेगळा. काही कंपन्या पीएफ १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे १,८०० रुपयेच कापतात, तेव्हा हातात थोडं जास्त येतं. एचआरला एकच प्रश्न विचारा: ‘पहिल्या महिन्यात बँकेत नेमके किती जमा होतील?’ गुळमुळीत उत्तर आलं तर नमुना पगारपत्रक मागा. यात लाजायचं काही नाही.

घाबरून जाण्यासारखं मात्र हे नाही. काही गोष्टी तिकडे महाग नसतातच. पुण्यातही वीज महावितरणचीच, घरगुती दर तोच. उलट एप्रिल ते जून रात्रंदिवस चालणारा कूलर बंद होतो, बिल उतरतं. पेट्रोलचा भाव जवळपास सारखाच. फक्त अंतर वाढतं: रोजचे ३० किलोमीटर, २६ दिवस, ४५ च्या मायलेजने सतरा-साडेसतरा लिटर, म्हणजे अठराशे रुपये. दोन-तीन हजारांनी स्वस्त घर वीस किलोमीटर लांब घेणाऱ्यांनी हा गुणाकार आधी करावा, वेळेचा तर वेगळाच.

पहिल्या महिन्याची रोकड हा दुसरा खड्डा. १६,००० च्या घराला तीन महिन्यांचं डिपॉझिट ४८,०००, एजंटचं एक भाडं १६,०००, पहिलं भाडं १६,०००. अकरा महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या आणि डिपॉझिटवरच्या मानीव व्याजाच्या ०.२५ टक्के, म्हणजे इथे साधारण साडेचारशे, शहरी भागात नोंदणी फी १,०००, करार करून देणाऱ्याची मजुरी वेगळी. ट्रक लागायच्या आधीच ऐंशी हजारांवर गेलात. त्यात महिन्याच्या वीस-बावीस तारखेनंतर रुजू झालात तर बऱ्याच ठिकाणी पहिला पगार पुढच्या महिनाअखेरच येतो. तेव्हा दीड-पावणेदोन लाख रोख नसतील तर कुटुंब हलवू नका. आधी एकट्याने जा. सोयाबीन विकून आलेला पैसा यात घालणार असाल तर जूनमधल्या बियाणं-खताचे बाजूला काढूनच घाला.

नोंदणी टाळून नुसत्या स्टॅम्पवर भागवू म्हणणारा घरमालक भेटतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला असणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाचीच. शाळा, गॅस, बँक, सगळीकडे पत्त्यासाठी तोच कागद कामी येतो. मेंटेनन्स भाड्यात आहे का, उन्हाळ्यात टँकर लागतो का, लागला तर पैसे कोणाचे, हे करारात लिहून घ्या. ही माहिती एजंट देत नाही, वॉचमन देतो. घर बघायला सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला असं दोनदा जा. अकरा महिन्यांनी भाडं पाच ते दहा टक्के वाढणार हे आजच धरा. घर बदलावं लागलं तर एजंटचं भाडं पुन्हा.

आधी गेलेल्या गाववाल्याचा सल्ला जपून घ्या. ‘होते न बाप्पा सारं, ये तू’ हे तो प्रेमानेच म्हणतो. पण ज्याने दहा वर्षांपूर्वी फ्लॅट घेतला त्याला आजचं भाडं माहीत नसतं, आणि कॉट बेसिसवर, म्हणजे नुसती एक खाट भाड्याने घेऊन, राहणाऱ्या पोराला संसाराचा खर्च. एकट्याच्या खर्चाला चारने गुणून संसार निघत नाही. दोन वर्षांच्या आत बायको-मुलांसह गेलेला शोधा आणि त्याला महिन्याच्या २५ तारखेला खात्यात किती उरतात ते विचारा. तो हसला तर समजून घ्या.

रेशन तुटेल ही भीती काढून टाका. एक देश एक रेशन कार्डमुळे आधारवर अंगठा लावून पुण्यातल्या दुकानातही धान्य उचलता येतं. अन्नसुरक्षा यादीत प्राधान्य कुटुंब असाल तर माणशी ५ किलो, मोफत. घरातल्या सगळ्यांची ई-केवायसी मात्र गावातच उरकून घ्या. घरचं धान्य ट्रकमध्ये टाकायचंच, पण वर्षाचं एकदम नाही. आपल्या मे महिन्यातल्या उन्हात कडक वाळलेली दाळ इथे वर्ष काढते. पुण्याच्या पावसाळी दमटपणात आणि एक खोली कमी असलेल्या घरात तिला लवकर किडे लागतात. एरंडेलाचं बोट लावून तीन-तीन महिन्यांची न्या, बाकीची गावात ठेवा.

गावातली चूलही चालूच राहणार, तिचा रकाना सुटतो. आई-वडिलांचं औषध, तिकडचं लाईट बिल, खरिपाला हातभार. वर्षातून तीनदा चौघं आले-गेले तर २४ तिकिटं; सरासरी हजार धरले तर २४,०००, महिन्याला दोन हजार. मयतीला, लग्नाला एकट्याने धावावं लागतं ते यावर. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. दिवाळीचं त्याच सकाळी काढलं तर तिकीट मिळतं, नाहीतर ट्रॅव्हल्सवाला म्हणेल तो भाव. एसटीत महिलांना अर्धं आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत आहे, पण रात्रभर सहाशे किलोमीटर म्हाताऱ्या माणसाला बसवायचं का, ते तुम्ही ठरवा.

शेवटी शाळा, कारण तारीख तीच ठरवते. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, पुण्याकडच्या राज्य मंडळाच्या शाळा आठवडा-पंधरवडा आधी, आणि सीबीएसईच्या बहुतेक एप्रिलमध्येच. आपल्या सवयीने जूनअखेर गेलात तर पोरगं वर्गात उशिरा बसतं आणि जवळच्या अनुदानित मराठी शाळेतल्या जागा भरलेल्या असतात. मग फीवाली शाळा घ्यावी लागते. जिल्हा परिषदेच्या शाळेत पुस्तकं आठवीपर्यंत फुकट होती, खासगी विनाअनुदानित शाळेत फी, पुस्तकं, दोन गणवेश, बूट एकाच आठवड्यात मागतात. आरटीईची (खासगी शाळांतल्या राखीव मोफत जागांची) सोडत लागेलच असं धरून बजेट बसवू नका. निकाल लागला की लगेच मुख्याध्यापकांना अर्ज देऊन शाळा सोडल्याचा दाखला घ्या. त्यावरचं नाव, जन्मतारीख आधारशी अक्षर न् अक्षर जुळतं का ते तिथेच उभं राहून तपासा. एक वेलांटी चुकली तर दुरुस्तीसाठी परत यावं लागेल, आणि मे महिन्याच्या सुट्टीत शाळेच्या ऑफिसात कोणी सापडत नाही.