वजनाचं जॅकेट आणि आखडलेली मान

चालताना जरा जास्त कस लागावा म्हणून वजनाचं जॅकेट घेतलं आणि हौसेनं पहिल्याच दिवशी १० किलो भरून निघालो. माझं स्वतःचं वजन ७०. तिसऱ्या दिवशी मान आखडली, खांदे सोलवटले. खरा घोळ पट्ट्यांचा होता. ते सैल असल्यानं जॅकेट प्रत्येक पावलाला उसळून खांद्यावर आदळायचं.

मग फक्त ३ किलो ठेवले, पुढे-मागे सारखे वाटून. बाजूचे पट्टे असे आवळले की जॅकेट हलू नये, पण छातीभर श्वास घेता यावा. आठवड्यातून तीनच दिवस, २० मिनिटं, सपाट रस्ता. दर दोन आठवड्यांनी अर्धा किलो वाढवला. आता ५ किलोवर आहे, मान शाबूत. उतारावर मात्र गुडघे कुरकुरतात, म्हणून तो रस्ता सध्या बंद.