बागेतला जुना बुंधा: वाफशावर उकरा, नाहीतर नीट कुजवा

पाऊस ओसरून जमीन वाफशावर आली, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली झाली, की बुंधा उकरायला याहून चांगला काळ नाही. मूठभर माती दाबून पाहा. गोळा झाला आणि टिचकीसरशी फुटला, तर कामाला लागा. हाताला चिकटला तर थांबा. चिखलात पहारीला टेकू मिळत नाही आणि तुडवलेली ओली माती पुढे दगडासारखी बसते.

कुदळ उचलण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, बुंधा जिवंत आहे का? साल नखाने खरवडल्यावर खाली ओलसर हिरवट थर दिसला तर तो जिवंत आहे. सुबाभूळ, निलगिरी, कडुनिंब यांसारखी झाडे मुळांत साठवलेल्या अन्नावर पुन्हा फुटतात. फुटवे कोवळे असतानाच बुडापासून मोडत राहा. पाने जून होऊ दिलीत, तर तीच मुळांना पुन्हा अन्न पुरवतात आणि आधीची मेहनत वाया जाते. नारळ-ताडाच्या बुंध्याला ही काळजी नाही, तो फुटत नाही.

दुसरी तपासणी बहुतेकांकडून राहते: झाड मेले कशाने? बुडाशी कडक, तपकिरी, लाखेसारखी चकचकीत भूछत्रे असतील, तर गॅनोडर्मा बुरशीची शंका घ्या. असा बुंधा कुजवत ठेवणे म्हणजे शेजारच्या झाडांना रोग पोसून देणे. तो मुळांसकट काढा, लाकूड बागेबाहेर न्या आणि त्याचा भुसा आच्छादनाला वापरू नका.

उकरण्यासाठी हातचा बुंधा तीन-चार फूट उंच असेल तर फायदा होतो, कारण तोच तरफेचे काम करतो. झाड अजून तोडायचे असेल तर ही उंची ठेवूनच तोडा. आधी जमिनीखालून वीजतार किंवा पाइप गेला नाही ना, याची खात्री करा. मग बुंध्याच्या कडेपासून दीड-दोन फूट सोडून गोल चर खणा. मूळ दिसले की भोवतीची माती काढून ते धुऊन घ्या. मातीत मारलेली कुऱ्हाड दोन घावांत बोथट होते. प्रत्येक मूळ दोन ठिकाणी कापून मधला तुकडा काढून टाका. एकाच ठिकाणी कापलेत तर टोके एकमेकांत अडकतात. आडवी मुळे तुटूनही बुंधा हलत नसेल, तर खाली सोटमूळ आहे. एका बाजूने खोल खणून बुंधा त्या बाजूला कलवा आणि मूळ करवतीने कापा. कललेल्या बुंध्याखाली हात-पाय घालू नका.

ट्रॅक्टर लावायचाच असेल, तर साखळी फक्त ड्रॉबारला, म्हणजे मागच्या बाजूच्या खालच्या ओढदांड्याला अडकवा. ती टॉप लिंकला (अवजार जोडण्याच्या वरच्या दांड्याला) किंवा मागच्या अ‍ॅक्सलला बांधली आणि बुंधा हलला नाही, तर पुढची चाके उचलून ट्रॅक्टर चालकावर उलटतो. उडी मारायलाही वेळ मिळत नाही. झटके देऊ नका आणि साखळीच्या रेषेत कोणाला उभे करू नका.

उकरणे शक्य नसेल तर कुजवा. बुंधा जमिनीलगत कापा. वरून एक इंच जाडीची, आठ ते दहा इंच खोल भोके सहा-सहा इंचांवर पाडा. त्यांत शेणकाला भरा, वर पालापाचोळा आणि चार बोटे माती टाका. लाकडात नत्र फार कमी असते, म्हणून काही जण मूठभर युरियाही घालतात, पण खरे काम ओलाव्याचे आहे. बुंधा कोरडा पडला की बुरशी थांबते, आणि भोकांत पाणी साचून राहिले तर हवेअभावीही थांबते. कठीण लाकडाला काही वर्षे लागतात. घराच्या भिंतीलगतचा बुंधा मात्र कुजवू नका, तिथे वाळवी येते.

मीठ, डिझेल, जळके ऑइल यांनी बुंधा लवकर जात नाही, माती मात्र नासते. जाळण्याचा मोहही टाळा; आग मुळांतून जमिनीखाली दिवसचे दिवस धुमसते आणि भलतीकडे वर येते. तणनाशक फक्त जिवंत बुंध्याच्या ताज्या कापावर, सालीखालच्या कड्याला, कापल्यावर लगेच लावले तरच शोषले जाते. ते या कामासाठी मान्य आहे का हे लेबलवर पाहा. शेजारी त्याच जातीचे झाड असेल तर अजिबात लावू नका: मुळे जमिनीखाली जुळलेली असू शकतात आणि औषध तिकडे पोहोचू शकते.

खड्डा भरताना भुसा व ढलप्या वेचून काढा. मातीत राहिल्या तर कुजताना त्या नत्र ओढून घेतात आणि नवी रोपे पिवळी पडतात. माती थरांनी दाबत भरा आणि वर अर्धा फूट उंचवटा ठेवा, कारण ती बसतेच. नवे झाड त्याच खड्ड्यात नको. चार-पाच फूट बाजूला, शक्यतो वेगळ्या जातीचे लावा.