बाराव्या फ्रेटच्या वरचा बास: जुन्या जपानी बास गिटारवर न्यू वेव्ह लाइन्स कशा बसवायच्या

न्यू वेव्हचं, म्हणजे पंक रॉकच्या पाठोपाठ आलेल्या संगीतप्रकारातलं, एखादं गाणं ऐका आणि तासाभराने स्वतःला विचारा की डोक्यात काय वाजतंय. बऱ्याचदा शब्द नसतात, गिटारही नसते, बासची (खालचे सूर वाजवणाऱ्या चार जाड तारांच्या गिटारची) लाइन असते. १९७७ ते साधारण १९८४ या काळात इंग्लंड-अमेरिकेतल्या या बँड्सनी बासला मागच्या रांगेतून उचलून थेट चाल सांगायला लावलं, आणि म्हणूनच या लाइन्स शिकायला इतकी मजा येते, कारण एकट्याने खोलीत बसून वाजवल्या तरी गाणं ओळखू येतं.

पीटर हूकचं उदाहरण घ्या, जॉय डिव्हिजन आणि मग न्यू ऑर्डरचा बासिस्ट. त्याने स्वतः सांगितलंय की सुरुवातीला त्याचा अँप इतका सुमार होता की गिटारच्या आवाजात खालचे सूर ऐकूच यायचे नाहीत, म्हणून तो वरच्या, म्हणजे बॉडीकडच्या, फ्रेट्सवर (फ्रेट म्हणजे नेकवर, तारांखालच्या लांब दांड्यावर, बसवलेल्या धातूच्या पट्ट्या) वाजवायला लागला, आणि ते जॉय डिव्हिजनचा गायक इयान कर्टिसला आवडलं म्हणून तीच त्याची ओळख झाली. पुढे १९८३ मध्ये 'ब्लू मंडे' आलं त्यात तर खालचा बास सिक्वेन्सरच, म्हणजे आधी भरलेले सूर आपोआप वाजवणारं यंत्रच, वाजवतं आणि हूकचा खरा बास त्याच्या वरून चाल गातो. म्हणजे सगळा खेळ वरच्या फ्रेट्सचा आहे. खाली मी जे काही सांगतोय, बास निवडण्यापासून कोरस इफेक्टचा (आवाज रुंद करणाऱ्या पेडलचा) नॉब फिरवण्यापर्यंत, ते सगळं या एका गोष्टीपाशी येतं, की तुमचा बास बाराव्या फ्रेटच्या वर सुरात आणि स्पष्ट बोलला पाहिजे.

आता जपानीच का? एक तर हे बास त्या आवाजाचा भागच आहेत. हूककडे यामाहाचा बीबी१२००एस होता, डुरान डुरानचा जॉन टेलर आरिया प्रो टूचा एसबी वाजवायचा. दोन्ही नेक-थ्रू, म्हणजे नेकचं लाकूड बॉडीच्या शेवटापर्यंत सलग जातं, मध्ये स्क्रूचा जोड नाही, त्यामुळे वरच्या फ्रेट्सपर्यंत हात सहज पोचतो आणि तिथला सूर पटकन मरत नाही. आरियाचे ते बास मात्सुमोतो शहरातल्या मात्सुमोकू कारखान्यात बनायचे, जिथे आधी शिलाई मशीनची लाकडी कॅबिनेटं बनत, आणि लाकूडकामाचा तो हात बासमध्ये दिसतो, चाळीस वर्षांनंतरही कित्येक नेक सरळ आहेत. कारखाना १९८७ मध्ये बंद झाला. त्याच शहरातल्या फुजीगेनने आयबानेझ आणि ग्रेको बनवले आणि १९८२ पासून फेंडर जपानचेही. तोकाई आणि यामाहा हामामात्सूचे. मोठं नाव नसलं तरी चालतं, वेस्टोन किंवा व्हँटेजचे त्या काळातले साधे बाससुद्धा मात्सुमोकूमधूनच आलेत आणि माझ्या मते शिकायला तेच बरे, कारण ते वाजवताना ओरखडा पडेल ही भीती नसते.

विकणारे 'लॉसूट' (म्हणजे खटला) हा शब्द सर्रास लावतात त्याकडे दुर्लक्ष करा. १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने अमेरिकेत आयबानेझ विकणाऱ्या कंपनीवर हेडस्टॉकच्या (नेकच्या टोकाच्या) आकारावरून दावा लावला होता, बस तेवढंच, पण आता सत्तरीतल्या प्रत्येक जपानी कॉपीला तेच लेबल लावून भाव चढवतात. त्यापेक्षा सिरियल नंबर वाचायला शिका. फुजीगेनमध्ये बनलेल्या त्या काळातल्या आयबानेझवर पहिलं इंग्रजी अक्षर महिना सांगतं आणि पुढचे दोन आकडे वर्ष, म्हणजे सी आणि पुढे ८१ असेल तर मार्च १९८१.

पण नंबरपेक्षा नेक महत्त्वाचा, आणि हे मी नुकसान सोसून शिकलोय. माझा पहिला जुना बास फोटोत इतका सुंदर होता की मी ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा वाक सुधारणारी सळी) तपासायचाच राहिलो, घरी आणल्यावर कळलं की तिचा नट शेवटापर्यंत आवळलेला आहे आणि तरी नेक वाकलेलाच, आता पुढे फिरवायला जागाच नाही. तेव्हा बास हातात आला की आधी हेडस्टॉककडून डोळा लावून नेककडे बघा, पिळवटलेला असेल तर सरळ परत द्या. मग ट्रस रॉडचा नट अगदी थोडा सैल आणि थोडा घट्ट होतो का बघा, जोर लावू नका. मग प्रत्येक तारेवर बाराव्यापासून शेवटच्या फ्रेटपर्यंत एकेक सूर वाजवा, कुठे मेला, कुठे खरखरला ते ऐका. नेक-थ्रू बासचा नेक खोलून खाली पट्टी घालता येत नाही, त्यामुळे वरच्या फ्रेट्सना अडचण असेल तर दुरुस्ती महाग पडते. नॉब फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, पॉटमध्ये (नॉबखालच्या भागात) काँटॅक्ट क्लीनर मारून वीस-पंचवीस वेळा फिरवलं की बहुतेक वेळा जाते. ॲक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला) बास असेल तर नऊ व्होल्टची बॅटरी नवीन घालूनच ऐका, जुन्या बॅटरीवर चांगला बासही मेल्यासारखा वाजतो. आणि स्पेअर पार्ट मागवण्याआधी मोजमाप घ्या, जपानी बासचे स्क्रू आणि पॉटची भोकं मेट्रिक असतात, अमेरिकन पार्ट बऱ्याचदा बसत नाहीत.

सेटअप. पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर तार दाबून धरा, मध्ये सातव्या-आठव्या फ्रेटपाशी व्हिजिटिंग कार्डाएवढी फट हवी, साधारण ०.३ मिलिमीटर. कमी-जास्त असेल तर ट्रस रॉड पाव वळसा फिरवायचा आणि मग बास काही तास तसाच ठेवायचा, जुनं लाकूड आहे, त्याला वेळ लागतो. त्यानंतर इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर सूर खरा येतोय ना हे जुळवणं, हे अजिबात टाळू नका. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक वाजवा (तार न दाबता तिथे नुसता स्पर्श करून), मग तिथेच तार दाबून वाजवा, ट्यूनरवर दोन्ही एकच आले पाहिजेत, दाबलेला सूर चढा येत असेल तर ब्रिजवरचं सॅडल (तार टेकते तो तुकडा) मागे सरकवा, उतरा येत असेल तर पुढे. खालच्या फ्रेट्सवर थोडी चूक खपते पण हूकच्या लाइन्स चौदाव्या-सोळाव्या फ्रेटवर असतात तिथे बेसूर बास लगेच कानाला टोचतो, आणि आपल्याला वाटतं आपलंच बोट चुकतंय.

तारा राउंडवाउंड (वरून गोल तार गुंडाळलेल्या) घ्या, जाडीने ४५ ते १०५ चा सेट, आणि शक्यतो नव्या, कारण त्या आवाजात तारेची चमक लागते. पिक मध्यम ते जाड, ०.७३ ते १ मिलिमीटर. बोटांनी वाजवायची सवय असली तरी निम्म्या लाइन्ससाठी पिक हातात घ्यावाच लागेल.

आता हात. पहिला आठवडा मी कोणालाही फक्त उजव्या हाताचं काम देईन. एकच सूर: ए, म्हणजे ई तारेचा पाचवा फ्रेट (जाडीकडून बारीककडे तारा ई, ए, डी, जी), मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला १०० वर, प्रत्येक ठोक्याला दोन स्ट्रोक आणि सगळे खालच्या दिशेने. पाच मिनिटं न थांबता. सोपं वाटतं पण दुसऱ्या मिनिटाला मनगट कडक होतं आणि तिथेच खरी शिकवणी सुरू होते, कारण हा प्रकार दंडाने वाजवायचा नाही, मनगट सैल सोडून वाजवायचा. दुखायला लागलं तर थांबा, वेग ८० करा. सगळे स्ट्रोक सारख्याच जोराचे आले की वेग वाढवा.

पहिली लाइन म्हणून टॉकिंग हेड्सचं 'सायको किलर' घ्या, १९७७ चं. व्हर्समध्ये (कडव्यात) ए धरून चालत राहायचं आणि शेवटी ई आणि जी घेऊन पुन्हा ए वर यायचं. टीना वेमाउथने बँडला बासिस्ट हवा होता म्हणून बास शिकायला घेतला होता, तिची ही लाइन ऐकली की कळतं की कमी सूर पक्क्या तालात वाजले तर पुरतात. त्यानंतर द क्युअरचं 'अ फॉरेस्ट', १९८०, बासवर सायमन गॅलप. कॉर्ड्स ए मायनर, सी, एफ, डी मायनर, आणि गंमत बघा की चारही मूळ सूर एकाच चौकटीत बसतात: ई तारेचा पाचवा आणि आठवा फ्रेट म्हणजे ए आणि सी, ए तारेचा आठवा आणि पाचवा म्हणजे एफ आणि डी. आधी एवढा सांगाडा सलग स्ट्रोकमध्ये पक्का करा आणि मग रेकॉर्ड लावून कोणता सूर किती वेळ धरलाय, कुठे मधला सूर घेतलाय ते कानाने भरा. गाण्याच्या शेवटी बाकी सगळे गळून पडतात आणि बास एकटा उरतो, तेवढा तुकडा वाजवून बघा, लपायला जागाच नाही, तुमची लय किती पक्की आहे ते तिथे लगेच कळतं.

मग हूक. 'लव्ह विल टेअर अस अपार्ट'वर थेट उडी मारू नका, आधी हा सराव करा: डी तार मोकळी वाजत ठेवायची आणि शेजारच्या जी तारेवर चाल वाजवायची, दोन्ही तारा एका स्ट्रोकमध्ये. जी तारेवर ७, ९, ११, १२, १४, १६ हे फ्रेट घ्या, म्हणजे डी, ई, एफ शार्प, जी, ए, बी. खाली डी सतत घुमतोय आणि वर चाल फिरतेय, हे ऐकलं की तो आवाज कुठून येतो ते अचानक उमगतं, मला तरी पहिल्यांदा अंगावर काटा आला होता. डावी बोटं टोकावर उभी ठेवा, आडवी पडली तर डी तार बंद होते. ई आणि ए तारा तळहाताच्या कडेने दाबून ठेवा नाहीतर सगळा गोंगाट होतो. हे सूर उलटसुलट फिरवून स्वतःची एक चार बारची (एक बार म्हणजे चार ठोके) चाल बनवा, मग गाण्याकडे जा.

जॉन टेलरचं काम वेगळं आहे, तिथे पिक खाली ठेवा. तो 'शिक' या डिस्को बँडचा बासिस्ट बर्नार्ड एडवर्ड्सला मानतो, म्हणजे मूळ डिस्को-फंकचं, बोटांनी वाजवायचं आणि कान किक ड्रमवर. ऑक्टेव्हचा आकार आधी हातात बसवा: ए तारेवर सातवा फ्रेट ई, जी तारेवर नववा फ्रेट वरचा ई, पहिलं बोट आणि करंगळी. दोघांच्या मध्ये तार नुसती स्पर्शाने बंद करून ठक आवाजाचे मेलेले सूर घाला. 'रिओ' हे ध्येय ठेवा पण सुरुवात मूळ वेगाच्या निम्म्यावर करा, तिथे घाई केली की सोळा भागांमधले मधले सूर गिळले जातात आणि मग ती सवय मोडायला महिने लागतात.

'द पोलीस' बँडचं 'वॉकिंग ऑन द मून' बोटांना अगदी सोपं आहे, अवघड आहे ती मधली शांतता. सूर जिथे संपतो तिथे तार हाताने बंद करायचीच, आणि रिकाम्या जागेत पायाने ताल चालू ठेवायचा.

आवाजाचं थोडक्यात: अँपवर मिड्स कापू नका, उलट थोडे वाढवा, बासचा नॉब जरा कमी. हूक इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा क्लोन थिअरी कोरस वापरायचा, पण कुठलाही साधा कोरस चालतो, रेट कमी, डेप्थ मध्यम. कोरस खालच्या सुरांना पातळ करतो, वरच्यांना रुंद करतो, म्हणून 'अ फॉरेस्ट'चा सांगाडा शिकताना तो बंद ठेवा आणि डी तारेच्या सरावाला चालू करा. शिकताना रोज कोरस लावून वाजवू नका, इंटोनेशनच्या आणि बोटांच्या चुका त्यात झाकल्या जातात.

टॅबपेक्षा (कोणत्या तारेचा कोणता फ्रेट हे लिहिलेल्या कागदापेक्षा) कानाने घ्या. दोन बारचा तुकडा लूपवर लावा, वेग ६० टक्क्यांवर आणा, आधी लाइन तोंडाने गा, गाता आली की मगच बास उचला. काही जुनी रेकॉर्डिंग्ज टेपच्या वेगामुळे नेहमीच्या ट्यूनिंगपेक्षा किंचित चढी-उतरी असतात, तेव्हा बास दरवेळी पुन्हा ट्यून करत बसू नका, प्लेअरमध्ये पिच थोडा सरकवा. आणि लाइन बसली असं वाटलं की फोनवर फक्त ड्रम मशीन आणि बास रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका. गिटार नाही, गाणं नाही, तरी चाल ओळखू आली तर पुढची लाइन घ्या, नाही आली तर परत १०० च्या मेट्रोनोमवर.