प्रीकॅल्क्युलस झालं, आता एबी, बीसी की स्टॅट्स?

अमेरिकेत हायस्कूलमध्ये मुलाचं प्रीकॅल्क, म्हणजे कॅल्क्युलसच्या आधीचं गणित, संपत आलं की आईबापांचं सुरू होतं, अमक्याचा मुलगा बीसी घेतोय मग आपला का नाही. (एबी आणि बीसी हे शाळेतच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे, एपी कॅल्क्युलसचे दोन कोर्स; स्टॅट्स म्हणजे तसाच स्टॅटिस्टिक्सचा, संख्याशास्त्राचा कोर्स.) मी बरीच वर्षं या मुलांना शिकवतेय आणि हे ऐकून ऐकून कान किटलेत.

आधी शाळेचा कोर्स कॅटलॉग बघा, काही शाळा एबी केल्याशिवाय बीसी देतच नाहीत, तसं असेल तर विषय संपला.

फरक एवढाच की एबी म्हणजे साधारण कॉलेजच्या एका सेमिस्टरचं कॅल्क्युलस, बीसी म्हणजे दोन. बीसीत एबीचं सगळं आहेच, वर सिरीज, पोलर, पॅरामेट्रिक. म्हणजे बीसी "वेगळं" नाही, त्याच वर्षात जास्त पळायचं.

आता खरी गोम. मुलगा पळू शकेल का हे ग्रेडवरून कळत नाही. मीही फसलेय, प्रीकॅल्कमध्ये ए असलेल्या एका मुलाला मीच बीसी घे म्हटलं, आणि ऑक्टोबरात तो रडकुंडीला आला. कॅल्क्युलस त्याला कळत होतं हो! अडायचं ते अल्जिब्रात. ए मिळाला होता तो टेस्टच्या आदल्या रात्री तशीच गणितं घोटून.

म्हणून आता मी एक करते. न सांगता, कॅल्क्युलेटर न देता एक गणित टाकते, साइन टू-एक्स बरोबर कॉस एक्स, शून्य ते टू-पाय मधली सगळी उत्तरं काढ. बहुतेक जण टू साइन एक्स कॉस एक्स लिहितात आणि दोन्ही बाजूंचा कॉस एक्स खुशाल उडवतात, मग येतात पाय बाय सिक्स आणि फाइव्ह पाय बाय सिक्स, दोनच. कॉस शून्य असू शकतो, म्हणजे पाय बाय टू आणि थ्री पाय बाय टू पण आहेत, हे गावीच नसतं. उत्तर चुकलं म्हणून लगेच बीसी रद्द करू नका. "अजून उत्तरं आहेत" एवढंच सांगा आणि गप्प बसा, अजिबात मदत करू नका (आईबापांना हेच जमत नाही). दहा मिनिटांत स्वतः चूक शोधली तर बिनधास्त बीसी. पेन ठेवून तुमच्या तोंडाकडे बघत बसला तर एबी, आणि उन्हाळ्यात लॉग, अपूर्णांक, ट्रिग पक्कं करून घ्या. एबी घेतलं म्हणून नाक कापलं जात नाही.

स्टॅट्सला कमी लेखू नका, बायोलॉजी, सायकॉलॉजी, बिझनेसकडे जाणाऱ्याला ते खरंच कामाला येतं. इंजिनियरिंग करायचं असेल तर मात्र कॅल्क्युलस टाळून फक्त स्टॅट्स, हे नको.

फॉर्म भरताना काउन्सेलरला दोन गोष्टी विचारा, बीसीतून एबीत उतरायची शेवटची तारीख कुठली, आणि पहिली मोठी टेस्ट त्याच्या आधी होते का.